वर्गशिक्षिकेचा अभिप्राय

माझा स्वभाव तापट आहे. आज हे सांगताना मान खाली जाते, पण नोकरीतली निम्म्याहून अधिक वर्षं मी ते कौतुकानं सांगत होते. कोणतं पोर खरं बोलतंय आणि कोणतं थापा मारतंय हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं, असं मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पिताना मी दहादा तरी म्हटलं असेल. पोट दुखतंय म्हणून घरी गेलेल्याला मी शाळेमागच्या बोरीखाली बोरं खाताना पकडलं होतं. आजी वारली म्हणून दोन दिवस दांडी मारणाऱ्याच्या आजीशी मी तिसऱ्या दिवशी आठवडी बाजारात गप्पा मारल्या होत्या. अशा दोन-चार गोष्टींवर माझा दरारा उभा होता, आणि मला तो आवडायचा.

शाळा राळेगाव तालुक्यातली, सातवीपर्यंतची. मी कळंबला राहायचे. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि तिथून गावापर्यंत पायी, दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी. ती कापसाची वाईट वर्षं होती. निम्मं पीक बोंडअळी खायची, उरलेल्याला भाव नसायचा, आणि वेचणीला बाहेरचं माणूस लावणं कुणाला परवडत नव्हतं. त्यामुळे दिवाळीनंतर घरातले सगळे हात वावरात जायचे, त्यात शाळेतलेही. हजेरी घेताना मी नावं घेत जायचे आणि वर्ग गप्प बसून राहायचा. मग आम्ही शिक्षकच वावरावावरांत जाऊन पोरं गोळा करून आणायचो.

ती मुलगी माझ्या सातवीच्या वर्गात होती. तोंडी प्रश्न विचारला की तिचा हात सगळ्यांच्या आधी वर. इतिहासातली लढाई ती अशी सांगायची की जणू त्या वेळी जवळच्या टेकडीवर बसून पाहत होती. पण वही उघडली की सगळं संपलं. एक ओळ वर चढायची, दुसरी खाली घसरायची. एकच अक्षर दर वेळी नव्या आकाराचं. पेन इतकं आवळून धरायची की नखं पांढरी पडायची, आणि खोडून खोडून कागदाला भोक पडायचं. अर्ध्या तासात तीन ओळी व्हायच्या आणि त्या नंतर तिला स्वतःलाही वाचता यायच्या नाहीत.

"का लिहीत नाहीस ग?" मी विचारायचे.

"मॅडम, हात येत नाई," ती म्हणायची.

याला मी आळस म्हणत होते. एकेक उत्तर दहा वेळा लिहायला लावलं, मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवलं, पोरांसमोर तिची वही उघडी धरून दाखवली. शेवटच्या गोष्टीनंतर ती वही दप्तराच्या तळाशी ठेवायला लागली. मी मागितली की घरी राहिली म्हणायची, आणि मी लगेच दप्तर उपडं करून ती काढून दाखवायचे. पकडलं, याचा मला आनंद व्हायचा.

त्या वर्षी शिकताना अडखळणाऱ्या मुलांसाठी तालुक्याहून एक विशेष शिक्षक आमच्या शाळेत यायला लागले. तरुण होते, मोटारसायकलवर यायचे, आठ-दहा शाळा त्यांच्याकडे. त्यांनी त्या मुलीला दोन दिवस वेगळं बसवलं, चित्रं काढायला लावली, गोष्टी सांगायला लावल्या, शब्द लिहायला लावले. नंतर मला म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे. डोळे, कान, हात, सगळं ठीक आहे. फक्त अक्षर डोक्यातून हातापर्यंत येताना वाट चुकतं. ती कंटाळा करत नाही. तिला जमत नाही."

मी म्हटलं, "बरं."

पुढच्या खेपेला त्यांनी तीन वस्तू आणल्या. एक उतरती फळी, वही ठेवायला. एक पेन, ज्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ते अंगठ्याएवढं जाड केलं होतं. आणि एक टेपरेकॉर्डर, काळा, लाल बटणाचा, सोबत दोन कोऱ्या कॅसेटी. फळी आणि पेन रोजच्या सरावाला, थोडं थोडं. बाकी उत्तरं तिनं टेपमध्ये बोलायची आणि मी ती ऐकून गुण द्यायचे. असे तीन महिने बघायचं. मग एक फॉर्म भरून पुढे पाठवायचा, तिची नागपूरला तपासणी होईल, दाखला मिळेल, आणि दहावीपर्यंत प्रत्येक परीक्षेत ती उत्तर सांगेल आणि दुसरं कुणी लिहील, अशी सोय होईल.

"हे झालं तर ती दहावी काढते, मॅडम," ते म्हणाले. "नाही झालं तर आठवी-नववीत थांबते. मी अशी पोरं पाहिली आहेत."

खिचडीच्या तांदळाची पोती ठेवायची एक खोली होती. तिथं ती टेप घेऊन बसायची. मी कॅसेट घरी आणायचे आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता ऐकायचे. पहिल्या कॅसेटच्या सुरुवातीला बराच वेळ नुसती खरखर आहे, मग तिचा आवाज, "मॅडम, बोलू काय?" आणि पुन्हा खरखर. माझ्या 'हो'साठी ती थांबली होती. प्रत्येक उत्तरानंतर ती "समजलं काय?" असं विचारायची आणि तेवढाच वेळ थांबायची.

काळ्या जमिनीची वैशिष्ट्ये असा प्रश्न होता. तिचं उत्तर मला अजून पाठ आहे. "काळी जमीन पानी धरून ठेवते. कापसाले मानवते. उन्हाळ्यात तिले भेगा पडते. आमच्या वावरात तं एवढी मोठी भेग पडली का माह्या बाबाची चप्पल अंदर गेली, थे अजून निंघाली नाई. हे चपलीचं पकडू नोका मॅडम, थे उत्तरात नाई येत."

मी एकटीच हसले. आमचे हे आतून विचारत आले, कोण बोलतंय म्हणून, आणि मग तेही स्टूल ओढून ऐकत बसले. नंतर तर ते विचारायला लागले, आज ती पोरगी नाही का. चपलीसकट मी तिला पूर्ण गुण दिले. शाळेत मुख्याध्यापक मला चिडवायचे, "काय मॅडम, तुमचं रेडिओ स्टेशन कसं काय चाललं?" बाकीची पोरंही टेप मागायला लागली. आणि ती मुलगी वर्गात पुन्हा ताठ बसायला लागली. त्या दिवसांत मी तिच्यावर खूश होते, आणि स्वतःवर त्याहून जास्त.

तीन महिने संपायला काही दिवस उरले असताना विशेष शिक्षक फॉर्म देऊन गेले. सगळा त्यांनीच भरला होता. एकच चौकोन रिकामा होता, वर्गशिक्षिकेचा अभिप्राय. पुढच्या आठवड्यात येतो, तोवर लिहून ठेवा, म्हणाले.

त्याच आठवड्यात वेचणी जोरात होती आणि वर्गात आठ पोरं आली. मी पोरं आणायला निघाले. उन्हं वर आली होती. गावाच्या पश्चिमेला, नाल्याच्या पलीकडे त्यांचं वावर. बांधावरून मला पाच-सहा बाया ओळीनं वेचताना दिसल्या आणि त्या सगळ्यांच्या पुढे ती.

तिनं कमरेला फडकं बांधलं होतं. दोन्ही हात दोन वेगळ्या बोंडांवर, आणि एकाही हाताकडे ती पाहत नव्हती. सुकलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात, नवख्या माणसाची बोटं रक्ताळतात. तिची बोटं त्या टोकांच्या मधून जाऊन अख्खा कापूस एका ओढीत बाहेर काढत होती, सुक्या पानाचा कण न लावता. मी तिथं उभी राहून ते बघितलं. सुंदर होतं, आणि ते बघता बघता मला राग चढत गेला.

एक बाई म्हणाली, "पाहा मॅडम, तुमच्या शाळेची पोरगी. आमच्यात कोणाचीच एवढी साफ वेचणी नाई."

तिला वाटलं मी खूश होईन. मी मात्र फसवली गेले होते. मला तांदळाची खोली आठवली, संध्याकाळच्या कॅसेटी आठवल्या, स्टुलावर बसलेले आमचे हे आठवले. मी म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे जमतं? एवढं बारीक काम जमतं आणि पेन धरता येत नाही? मला मूर्ख समजलीस काय ग?"

ती थांबली. हात तसेच, दोन्हींत कापूस.

"हे येगळं असते, मॅडम."

"काय वेगळं? हात तेच ना?"

ती खरंच विचार करत होती. मला ते नीट आठवतं, कारण मी तेव्हा तिच्या त्या गप्प राहण्याला कबुली समजले. मग ती म्हणाली, "बोंड समोर दिसते, तं हात आपसूक जाते. लिवताना हातानं कुठी जाचं थे हाताले मालूमच नाई राह्यत."

यापेक्षा नेमकं मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. नंतर मी या विषयावरची पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली, सगळ्यांचं सार हेच. पण त्या दिवशी बारा वर्षांच्या पोरीनं वावरात उभं राहून ते सांगितलं आणि मी म्हटलं, "तोंड चालतं तेवढं पुरे. चल शाळेत."

दुसऱ्या दिवशी मी टेप, फळी आणि जाड पेन कपाटात टाकून कुलूप लावलं. तिच्यापुढे साधं पेन ठेवलं. चौकोनात लिहिलं, "हाताची हालचाल उत्तम आहे. विद्यार्थिनी शेतात अतिशय जलद व स्वच्छ कापूस वेचते. लिहिण्याचा कंटाळा आहे." माझं अक्षर चांगलं होतं, अजूनही आहे. खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला.

विशेष शिक्षक आले, त्यांनी ते वाचलं आणि उभ्या-उभ्याच म्हणाले, "मॅडम, हाताच्या ताकदीचा यात संबंध नाही. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. असा अभिप्राय असला तर फॉर्म पुढे सरकत नाही. हे बदला. विनंती करतो."

मी म्हटलं, "सर, तुम्ही आठवड्यातून एकदा येता. मी रोज बघते. माझी नोकरी तुमच्या वयाएवढी आहे." हे खरं नव्हतं, माझी नोकरी तेव्हा अठरा वर्षांची होती, पण रागात मी असं काहीबाही बोलायचे. मग त्यांनी टेप मागितला. दुसऱ्या शाळेत एका मुलाला हवा होता. कॅसेटी मात्र माझ्याकडेच राहिल्या, कारण त्या घरी होत्या.

मुलगी पुन्हा वही दप्तराच्या तळाशी ठेवायला लागली. हात वर करणंही हळूहळू बंद झालं. मी म्हणायचे, बघा, नाटक बंद झालं.

वार्षिक परीक्षेच्या आधी तिची आई शाळेत आली. उंबऱ्याशी उभी राहिली, आत बोलावलं तरी आली नाही. म्हणाली, "मॅडम, वेचणी तं माह्या हातची शिकली हो ती. ल्हानी होती तवापासून संग नेली तिले, तिचा काई कसूर नाई. आता मी तिले वावरात नेनं बंद केलं. दोन महिने झाले, एकटीच वेचून राह्यली. गावात कोणालेबी इचारा. आता थो टेप देता काय?"

त्या बाईला वाटलं होतं की वेचणी हा गुन्हा होता आणि तो थांबवला की शिक्षा उठेल. दोन महिने ती एकटी दोघींचं काम करत होती आणि वाट पाहत होती की हे माझ्या कानावर येईल. मी काय म्हटलं? "बघू," म्हटलं. टेप आता शाळेत नाही हे सांगायलाही मला कमीपणा वाटला. ती हात जोडून गेली. उन्हाळ्यात माझी बदली दिग्रसकडे झाली, आणि सामान बांधताना त्या कॅसेटी मी एका डब्यात टाकल्या.

मला माझी चूक कळायला सहा वर्षं लागली, आणि तीही एका सक्तीच्या प्रशिक्षणात. यवतमाळला मोठ्या सभागृहात आम्हाला बसवलं होतं, पडद्यावर चित्रं येत होती. शिकवणाऱ्या बाई सहज बोलून गेल्या, अशा मुलांचं हातकाम उत्तम असू शकतं, कुणी सुरेख विणतं, कुणी सायकल खोलून जोडतं, आणि शिक्षक नेमके इथेच फसतात. सभागृहातले काही जण हसले. मी तिसऱ्या रांगेत होते. मला वाटलं आता या बाई माझ्याकडे बोट दाखवणार. अर्थात त्यांना काय माहीत. मधल्या सुट्टीत सगळे जेवायला गेले, मी जागेवरच बसून राहिले आणि रडले.

त्यानंतर मी बदलले, असं लोक म्हणतात. पुढच्या शाळांत अशी पोरं मी हुडकून काढली, फॉर्म भरले, लेखनिक मिळवून दिले. मोबाइल आले, तेव्हा त्यात बोललं की अक्षरं उमटतात हे पोरांना मी दाखवलं. एका पोरानं आयुष्यातलं पहिलं पान असं बोलून लिहिलं आणि ते छापून भिंतीवर लावलं. निरोप समारंभात माझं त्यासाठी कौतुक झालं, शाल-श्रीफळ मिळालं. मी मान खाली घालून ऐकलं आणि लोकांना तो विनय वाटला. जिच्या जिवावर मी हे शिकले तिचं नाव तिथं कुणी घेतलं नाही, मीही नाही.

आता निवृत्त होऊन कळंबलाच आहे. गेल्या वर्षी एका चतुर्थीला बहीण चिंतामणीच्या दर्शनाला आली होती. तिला यवतमाळच्या गाडीत बसवून मी स्टँडवरून निघाले, तर बाकावरची एक बाई उठून समोर आली.

"मॅडम ना तुमी?"

चेहरा ओळखू आला नाही, आवाज आला. माझ्या डब्यातल्या कॅसेटींतला आवाज. ती वाकून पाया पडली आणि मी तिला तिथंच धरून ठेवलं. दिग्रसकडे दिली होती, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, स्वतः वेचणीला जाते. माहेरी निघाली होती. शाळा? "नववीत नापास झाली, मंग सोडली," ती म्हणाली, कुठलीही धार न लावता. मग मोबाइल काढून दाखवला. "आता नुसतं बोललं का हे लिवते, मॅडम. तवा नोतं असं."

"तेव्हा टेप होता," मी म्हटलं. आणि मग इतकी वर्षं मनात घोळवलेलं बोलले. "माझं चुकलं ग. मी तुझं वाटोळं केलं. तू खरं सांगत होतीस."

"जाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "तुमाले काय मालूम होतं." आणि तिनं मला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली पुढे केली. माझ्या छातीवरचं ओझं खरंच हलकं झालं, हेही सांगायला हवं. तेवढा वेळ मला वाटलं की सुटले.

बाकाच्या पलीकडच्या टोकाला तिची मुलगी बसली होती, नऊ-दहा वर्षांची. मान खाली घालून ती एसटीच्या तिकिटाचं काहीतरी करत होती. मी वाकून पाहिलं. बोटभर कागदाच्या तिकिटातून तिनं एक होडी केली होती, आणि दुसऱ्या तिकिटाची त्याहून लहान, पहिलीत बसेल अशी. नखांनी घड्या पाडत होती, भराभर.

"अरे वा," मी म्हटलं.

तिची आई चटकन वळली आणि मुलीच्या हातांवर तिनं स्वतःचा हात ठेवला. "ठेव थे," ती हळूच म्हणाली. मुलीनं तिकिटं मुठीत चुरगाळली आणि हात मांडीखाली घेतले.

"करू दे ना ग. किती छान करते."

"नोको मॅडम." तिचा आवाज साधाच होता, रस्ता ओलांडताना पोराला सांगावं तसा. "हिचंबी माह्यासारखंच हाय. वही दाखवली तं तुमी वळखान. शाळेत तिचा फारम भरून राह्यले, अजून मॅडमची सही व्हाची हाय. म्हनून मी तिले सांगून ठेवलं, शाळेतल्या मानसापुढे हातानं काई करून दाखवाचं नाई. रांगोळी नाई, राखी नाई. वावरात तं मी नेतच नाई."

मी म्हटलं, "मी येते तिच्या शाळेत. तिच्या मॅडमशी मी बोलते."

ती हसली, समजूत काढल्यासारखी. "काई गरज नाई. तिच्या मॅडम लय चांगल्या हाय. तुमच्यासारख्याच हाय."

गाडी लागली. ती पुन्हा वाकून पाया पडली, तिनं पिशवी उचलली आणि दोघी चढल्या. मुलीला खिडकीची जागा मिळाली. गाडी निघाली तसा मी हात हलवला. आईनं खिडकीतून हात काढून हलवला. मुलगी माझ्याकडेच बघत होती, पण तिचे हात मला शेवटपर्यंत दिसले नाहीत.